वीजक्षेत्रातील रोजगार आणि आपली मुले : भोर-वेल्ह्याच्या संदर्भात

दहावीचा निकाल लागला की भोर आणि वेल्हे (आताचा राजगड) तालुक्यांतील पालक आमच्याकडे एक प्रश्न हमखास घेऊन येतात : "सर, पोराला आयटीआय करून बोर्डात चिकटवता येईल का?" बोर्ड म्हणजे महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ. ते मंडळ २००५ सालीच इतिहासजमा झाले. परंतु आमच्या डोंगरी गावांच्या बोलण्यात ते अजून जिवंत आहे, कारण कायम नोकरी, महिन्याच्या महिन्याला पगार आणि गावात मान या तिन्ही गोष्टी त्या एका शब्दात सामावल्या आहेत. या प्रश्नाला आम्ही इतकी वर्षे दोन वाक्यांत उत्तर देत आलो. स्मरणिकेच्या निमित्ताने ते सविस्तर द्यावे, या हेतूने हा लेख लिहीत आहोत. आमचा विषय इतिहास. तेव्हा प्रारंभ इतिहासापासूनच करतो.

धरणांचा प्रदेश

आपला परिसर हा धरणांचा परिसर आहे. वेळवंडी नदीवरील भाटघरचे धरण इंग्रजी अमदानीत १९२८ च्या सुमारास पूर्ण झाले. पुढे नीरा देवघर, गुंजवणी, पानशेत आणि वरसगाव ही धरणे झाली. भाटघर येथे १६ मेगावॅटचे, तर पानशेत व वरसगाव येथे प्रत्येकी ८ मेगावॅटचे जलविद्युत केंद्र उभे राहिले. शेजारच्या मुळशीत टाटांच्या वीजप्रकल्पासाठी जमिनी जाऊ लागल्या, तेव्हा १९२१ ते १९२४ या काळात सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला. धरणाविरुद्धच्या लढ्यांच्या इतिहासात त्याला अग्रस्थान आहे. तरीही धरण झाले, आणि मुळशीच्या पाण्यावर चालणारे भिरा येथील वीजकेंद्र १९२७ मध्ये सुरू होऊन मुंबईला वीज पोचू लागली.

या इतिहासातून एक गोष्ट स्पष्ट दिसते. आमच्या खोऱ्यांतील पाण्याने आणि जमिनींनी शहरे उजळली. ज्यांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या त्यांच्या घरी दिवा मात्र फार उशिरा लागला. वाडीच्या टोकाला असलेल्या आमच्या वस्तीपर्यंत तारा पोचायला त्याहूनही अधिक काळ जावा लागला. तेव्हा विजेच्या कामात आपल्या मुलांनी वाटा मागणे ही कोणाकडे केलेली याचना ठरत नाही. त्या मागणीला या भूमीचा आधार आहे.

बंद दारांचा इतिहास

हुन्नराची कामे आणि जात यांचे नाते आपल्या वाचकांना नव्याने सांगण्याची गरज नाही. तरी एक उदाहरण नव्या पिढीने ध्यानात ठेवावे. मुंबईच्या कापड गिरण्यांत अस्पृश्य कामगार हजारोंच्या संख्येने होते. परंतु अधिक मजुरीच्या विणाई खात्यात, म्हणजे साच्यांवर, त्यांना प्रवेश नव्हता. कारण असे की धोट्यातील कांडी संपल्यावर नव्या सुताचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे, आणि अस्पृश्याच्या तोंडाला लागलेले सूत सवर्ण कामगारांना चालत नसे. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न ठामपणे मांडला. पुढे फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाड येथे जी. आय. पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. रेल्वेतील आपला माणूस गँगमनच्या जागेवर लागतो आणि त्याच जागेवर निवृत्त होतो, वरच्या जागा त्याच्यासाठी नसतात, हे दुखणे त्यांनी तेथे उघड केले.

विजेशी त्यांचा संबंध मात्र शाळेच्या पाठ्यपुस्तकांत फारसा येत नाही. जुलै १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते आणि वीज हा विषय त्यांच्याच खात्याकडे होता. युद्धोत्तर वीजविकासाचे धोरण ठरवणाऱ्या समितीपुढे २५ ऑक्टोबर १९४३ रोजी त्यांनी जी भूमिका मांडली, तिचा आशय असा होता : दारिद्र्याच्या फेऱ्यातून जनतेला सोडवायचे तर औद्योगिकीकरण हवे, आणि स्वस्त व मुबलक विजेवाचून औद्योगिकीकरण यशस्वी होणार नाही. त्यांच्याच कारकिर्दीत १९४४ मध्ये केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ स्थापन झाले आणि दामोदर खोरे योजनेची पायाभरणी झाली.

त्याच सुमारास, २९ ऑक्टोबर १९४२ रोजी, व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात त्यांनी अस्पृश्य मुलांसाठी विज्ञान व तंत्रशिक्षणाच्या शिष्यवृत्त्या मागितल्या. सरकारी छापखाने आणि रेल्वेच्या कारखान्यांत या मुलांना शिकाऊ उमेदवार म्हणून घ्यावे, अशीही मागणी केली. म्हणजे देशाची वीज आणि आपल्या मुलांच्या हातचे हुन्नर हे दोन्ही विचार त्यांच्या मनात एकाच वेळी चालू होते. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासून सुरू झाली. ती आज आयटीआयच्या विद्यार्थ्यालाही लागू आहे. तो अर्ज भरताना या इतिहासाचे स्मरण असावे.

आजची रचना आणि पदे

२० जून १९६० रोजी स्थापन झालेल्या विद्युत मंडळाचे ६ जून २००५ रोजी विभाजन झाले. आता वीज निर्माण करते ती महानिर्मिती, उच्चदाबाच्या मनोऱ्यांवरून ती दूरवर नेते ती महापारेषण आणि घरोघरी पोचवते ती महावितरण. आपल्या मुलांसाठी या तिन्ही कंपन्यांत जागा असतात, परंतु पालकांना सहसा एकट्या महावितरणचेच नाव ठाऊक असते.

प्रवेशाची मुख्य पायरी म्हणजे विद्युत सहायक हे पद. त्यासाठी आयटीआयचा वीजतंत्री किंवा तारतंत्री हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम उत्तीर्ण असावा लागतो. लोकांच्या भाषेत इलेक्ट्रिशियन आणि वायरमन. महापारेषणला वीजतंत्रीच लागतो, म्हणून निवडीची संधी असेल तर वीजतंत्री घ्यावा, असे आम्ही सुचवतो. विद्युत सहायकाची पहिली तीन वर्षे ठरावीक मानधनावर जातात. महावितरणच्या डिसेंबर २०२३ च्या जाहिरातीत हे मानधन पहिल्या वर्षी दरमहा १५,०००, दुसऱ्या वर्षी १६,००० आणि तिसऱ्या वर्षी १७,००० रुपये होते. काम समाधानकारक असेल तर त्यानंतर तंत्रज्ञ या नियमित पदावर नेमणूक होते. पुढे वरिष्ठ तंत्रज्ञ, प्रधान तंत्रज्ञ अशा पायऱ्या आहेत.

जागा किती निघतात? डिसेंबर २०२३ च्या त्या जाहिरातीत ५,३४७ जागा होत्या. त्याच्या आधीच्या महिन्यात महापारेषणने विद्युत सहायकाच्या १,९०३ जागा जाहीर केल्या. महानिर्मितीने २०२४ च्या अखेरीस तंत्रज्ञ-३ या पदाच्या ८०० जागांची जाहिरात दिली. आकडे मोठे दिसतात, परंतु ते साऱ्या महाराष्ट्रासाठी आहेत. अनुसूचित जातींचे आरक्षण १३ टक्के. त्या हिशेबाने ५,३४७ पैकी सुमारे सातशे जागा होतात, आणि बिंदुनामावलीनुसार प्रत्यक्ष संख्या त्याहून वेगळी असू शकते. त्या सातशेंसाठी चांद्यापासून बांद्यापर्यंतची मुले अर्ज करतात. शिवाय अशी भरती दरवर्षी निघत नाही. म्हणून जाहिरात आल्यावर तयारीला लागणारा मुलगा मागेच राहतो.

परीक्षेचे स्वरूपही पालकांनी समजून घ्यावे. महावितरणच्या त्या भरतीसाठी १५० गुणांची परीक्षा ठरवलेली होती. त्यांपैकी ११० गुण व्यवसायाच्या ज्ञानाला, म्हणजे आयटीआयत शिकवलेल्या विषयाला होते. तर्कक्षमता, अंकगणित आणि मराठी मिळून उरलेले ४० गुण. याचा अर्थ सरळ आहे. आयटीआयची दोन वर्षे हजेरीपुरती काढून नंतर शहरातील शिकवणीला पैसे भरण्यापेक्षा, त्या दोन वर्षांत रोहित्र, मोटार, अर्थिंग, केबल आणि मोजमापाची उपकरणे नीट समजून घेणे अधिक फलदायी आहे.

आयटीआयनंतर लगेच शिकाऊ उमेदवारीसाठी नाव नोंदवावे. शिकाऊ उमेदवारी अधिनियम १९६१ सालचा आहे आणि वीजकंपन्या दरवर्षी शिकाऊ उमेदवार घेतात. विद्यावेतन थोडे असले तरी उपकेंद्रात वर्षभर वावरलेल्या मुलाला पुस्तकातील आकृती डोळ्यांपुढे दिसू लागते, आणि भरतीत शिकाऊ उमेदवारांसाठी काही जागाही राखीव असतात.

कागदपत्रे : जेथे आपण अडतो

आता आम्ही अशा मुद्द्याकडे येतो, जेथे गुणवान मुले अडखळताना आम्ही प्रत्यक्ष पाहिली आहेत. वेल्हे खोऱ्यातील आमचा एक माजी विद्यार्थी. वडील मजुरीला जाणारे, मुलगा वीजतंत्रीत प्रथम श्रेणीत उत्तीर्ण. एका भरतीत त्याचे नाव निवडयादीत आले. घरी पेढे वाटले गेले. कागदपत्रांच्या पडताळणीत मात्र आजोबांचा १९५० पूर्वीचा पुरावा मिळेना. गाव धरणात गेलेले, शाळा दुसरीकडे हललेली, जुने रजिस्टर कोठे आहे हे सांगणारे कोणी उरले नव्हते. धावपळ करून पुरावा हाती आला तोवर मुदत टळली होती. तो मुलगा आज एका कारखान्यात नोकरी करतो, सुखी आहे. परंतु त्या दिवशी आमच्या समोर बसून त्याने काढलेले उद्गार आम्हांला विसरता येत नाहीत : "सर, अभ्यासात कमी पडलो असतो तर मनाला लावून घेतलं नसतं."

यात आमचाही दोष आहे, हे आम्ही मान्य करतो. आम्ही त्याला विज्ञान शिकवले, गणित शिकवले, पण तुझ्या पणजोबांची नोंद कोठे आहे, हे कधी विचारले नाही. म्हणून आता नववीच्या पालकसभेतच आम्ही पुढील गोष्टी सांगतो.

अनुसूचित जातीच्या दाव्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा जातीचा व वास्तव्याचा पुरावा महत्त्वाचा असतो. आजोबा किंवा पणजोबा शाळेत गेले असतील तर शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा शोधावा. गेले नसतील तर गाव नमुना १४ म्हणजेच कोतवाल बुकातील जन्म-मृत्यूची नोंद काढावी. येथे स्थानिक इतिहास उपयोगी पडतो. आजच्या भोर-वेल्ह्याचा बराच भाग ८ मार्च १९४८ रोजी विलीनीकरण होईपर्यंत भोर संस्थानात होता. त्यामुळे ज्या काळातील नोंद आपल्याला हवी, ती पुष्कळदा संस्थानी अमलातील असते. जुन्या शाळांत आणि तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात ती चिकाटीने शोधावी लागते.

दुसरी गोष्ट धर्मांतराची. १९५६ नंतर जन्मलेल्या पिढीच्या शाळेच्या दाखल्यावर 'बौद्ध' किंवा 'नवबौद्ध' अशी नोंद असते, तर आजोबांच्या नोंदीत पूर्वीची जात असते. १९९० मध्ये केंद्राच्या कायद्याने बौद्धांचा अनुसूचित जातींत समावेश झाला, त्यामुळे हक्काविषयी शंका नाही. परंतु आजोबा ते नातू ही साखळी वंशावळीने आणि शपथपत्राने जोडून दाखवावी लागते. नावांतील आणि आडनावांतील फरक वेळीच दुरुस्त करून घ्यावेत.

तिसरी गोष्ट प्रकल्पग्रस्तांची. ज्यांच्या जमिनी धरणात गेल्या त्या कुटुंबातील एका व्यक्तीला प्रकल्पग्रस्त प्रमाणपत्राच्या आधारे शासकीय सेवेच्या गट क आणि गट ड मध्ये ५ टक्के समांतर आरक्षणाचा लाभ मिळू शकतो. वीजकंपन्यांच्या जाहिरातींतही प्रकल्पग्रस्तांच्या जागा असतात. हे प्रमाणपत्र जिल्हा पुनर्वसन कार्यालयाकडून मिळते. भावाभावांत ते कोणाच्या नावे करावे, यावरून वाद घालत बसलेल्या घरांत शेवटी वयोमर्यादा उलटते आणि कोणाच्याच पदरी काही पडत नाही. हा निर्णय मुले शाळेत असतानाच घ्यावा.

कंत्राटाचा मोह आणि जिवाची किंमत

भरतीची वाट पाहताना अनेक मुले कंत्राटदाराकडे लागतात. हाती पैसा येतो, काम शिकायला मिळते, म्हणून आम्ही सरसकट विरोध करीत नाही. परंतु 'आज ना उद्या कायम करतील' या आशेवर सहा-सात वर्षे गेली की वय निघून जाते. डिसेंबर २०२३ च्या भरतीत वयोमर्यादा १८ ते २७ होती आणि मागासवर्गीयांना पाच वर्षांची सवलत होती. कंत्राटी काम करतानाही भविष्य निर्वाह निधी, राज्य कामगार विमा आणि लेखी हजेरी यांचा आग्रह धरावा. अपघात झाल्यावर 'हा आमचा माणूसच नाही' असे ऐकावे लागू नये, यासाठी तो कागद लागतो.

अपघाताविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. आमच्या भागात पावसाळा म्हणजे चार महिन्यांची परीक्षा असते. झाडे तारांवर पडतात, खांब वाकतात, वाडीला दोन-दोन दिवस अंधार राहतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळून पुणे जिल्ह्यावरून पुढे सरकले, तेव्हा हे काम किती कठीण आहे ते सर्वांनी पाहिले. अशा वेळी गावकरी वायरमनला फोनवर फोन करतात, आणि घाईत परमिट न घेता खांबावर चढण्याचा मोह होतो.

वर्गात आम्ही एक साधे गणित घालतो. २३० व्होल्टवर जळणारा १०० वॅटचा दिवा सुमारे ४३० मिलिअँपिअर प्रवाह घेतो. माणसाचा जीव वाचावा म्हणून घराच्या बोर्डात बसवलेले गळती-संरक्षक उपकरण ३० मिलिअँपिअरला वीज तोडते. एका दिव्याला जेवढा प्रवाह लागतो, त्याच्या चौदाव्या हिश्शाइतका प्रवाहही शरीरातून वाहू देणे धोक्याचे मानले आहे. म्हणून क्रम पक्का पाठ हवा : वाहिनी बंद करणे, परमिट हाती घेणे, वीज नाही याची उपकरणाने खात्री करणे, डिस्चार्ज रॉडने दोन्ही बाजूंना अर्थ करणे, आणि मगच हात लावणे. एखाद्या घरातील जनरेटर किंवा इन्व्हर्टरमधून बंद तारेतही उलट वीज येऊ शकते, म्हणून शेवटची पायरी कधीही गाळू नये. तथागतांनी अखेरच्या उपदेशात अप्रमादावर, म्हणजे सतत सावध राहण्यावर भर दिला. खांबावर चढणाऱ्याला त्याचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

मुली मागे का राहाव्यात?

शासकीय भरतीत महिलांसाठी ३० टक्के समांतर आरक्षण आहे आणि वीजकंपन्यांतही ते लागू आहे. महावितरणमध्ये खांबावर चढून दुरुस्ती करणाऱ्या महिला तंत्रज्ञ आज महाराष्ट्रात आहेत. टाळेबंदीच्या काळात बीड जिल्ह्यातील अशाच एका भगिनीचे खांबावर चढतानाचे चित्रण साऱ्या राज्याने कौतुकाने पाहिले. तरीही आमच्या शाळेतून वीजतंत्रीला जाणाऱ्या मुली एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या आहेत. "पोरगी खांबावर चढणार का?" असे विचारणाऱ्या पालकांना आम्ही उलट विचारतो की डोंगर चढून सरपणाचा भारा तीच आणते ना? उपकेंद्राचे परिचालन, चाचणी, मीटर विभाग अशी कितीतरी कामे या क्षेत्रात आहेत, आणि खांबाचे काम त्यांतील एक आहे.

नोकरीपलीकडे, आणि नोकरीच्या वर

सर्वांना कंपनीत जागा मिळणार नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. परंतु वीजतंत्रीचे शिक्षण वाया जात नाही. शिरवळ, खेड-शिवापूर परिसरातील कारखान्यांना देखभालीसाठी कुशल वीजतंत्री लागतो. घरांच्या छपरांवरील सौर संचांसाठी केंद्राची योजना फेब्रुवारी २०२४ पासून सुरू आहे, शेतीसाठी सौर पंप येत आहेत, त्यांच्या उभारणीला आणि दुरुस्तीला माणसे हवी आहेत. मोटार रिवाइंडिंगचे दुकान तर गावोगावी चालते. स्वतंत्र कामासाठी तारतंत्री परवाना आणि पुढे पर्यवेक्षक प्रमाणपत्र काढून घ्यावे. उलट, केवळ मीटर रीडिंगच्या कामावर विसंबू नये. स्मार्ट मीटर बसत गेले की ते काम कमी होत जाणार.

आणि ज्याला कंपनीत जागा मिळाली, त्यानेही तेथेच थांबू नये. दोन वर्षांच्या आयटीआयनंतर पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. पदविकाधारकाला कनिष्ठ अभियंत्याच्या वाटेने पुढे जाता येते. मनमाडला बाबासाहेबांनी दाखवून दिलेले दुखणे हेच होते की आपला माणूस पहिल्या पायरीवरच उभा राहतो. त्या काळी वरचे दार दुसऱ्यांनी बंद केले होते. आज ते उघडे असताना आपणच पहिल्या पायरीवर समाधान मानले, तर दोष कोणाला द्यायचा?

माजी विद्यार्थ्यांना आमची एक विनंती आहे. तुमच्यापैकी जे वीजकंपन्यांत, कारखान्यांत किंवा स्वतःच्या व्यवसायात आहेत, त्यांनी वर्षातून एक दिवस शाळेत यावे. सोबत टेस्टर, हातमोजे आणि सुरक्षा पट्टा आणावा, नववीच्या मुलामुलींना परमिटचा कागद दाखवावा, आपली कागदपत्रे कोठे अडली आणि कशी सुटली ते सांगावे. पालकांनी याच दिवाळीच्या सुट्टीत आजोबांच्या शाळेत जाऊन रजिस्टरचा उतारा मागावा. पुढच्या जून महिन्यात कोणी "बोर्डात चिकटवता येईल का?" असे विचारील, तेव्हा त्याच्या हाती तो उतारा असावा, एवढीच आमची अपेक्षा आहे. बाकीचे शिकवायला आम्ही आहोतच.